गिरिजाबाईनं निवडलेला माईकवाला

माईकवाला ठरवायला कुणी अडीच महिने लावतं का? भवानी पेठेतल्या झाडून सगळ्यांनी हा प्रश्न गिरिजाबाईला विचारला होता, आणि ज्यानं विचारला त्याला तिनं तिथंच उभा सोलून काढला होता. "माज्या बापानं नवरा ठरवायला अडीच दिवस लावले. त्याचं काय झालं बगितलं न्हवं तुमी? मग गप बसा की." एवढं ऐकलं की चहाचा कप खाली ठेवायचा आणि चप्पल शोधायची.

गिरिजाबाईची खानावळ होती. पहिल्या पाळीचे गिरणीकामगार सुटले की तिच्या ओट्यावर बूड टेकायला जागा राहायची नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, एक पातळ भाजी, आणि गिरिजाबाईचं तोंड. तोंड फुकट असायचं. पानात भाकरी टाकलेली दिसली की ती म्हणायची, "का बे, घरी बायकोनं केलेली टाकतोस का अशी?" आणि तो दांडगा गडी मुकाट्यानं तुकडा उचलून तोंडात घालायचा. अकरा वर्षं तिनं या तव्यावर काढली होती. आणि का काढली, ते पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिचा नवरा रेवणप्पा. अकरा वर्षांमागं "टेंभुर्णीला हॉटेल टाकतो, जम बसला की न्यायला येतो" म्हणून एसटीत बसला. हॉटेल टाकलं. जमही बसला. जमाबरोबर तिथं दुसरी बाईही येऊन बसली. न्यायला काही तो आला नाही. लेक जगदेवी तेव्हा आठ वर्षांची होती. पुढं तिचा ताप, तिची शाळा, तिचं मॅट्रिक, सगळं आईनंच निस्तरलं. बापाचं एक पोस्टकार्ड म्हणून आलं नाही.

आता जगदेवीचं लग्न ठरलं. अठ्ठ्याहत्तर साल. मुलगा शिवपुत्र, बँकेत कारकून. त्याच्या वडिलांचं, भीमाशंकरांचं, कापडाचं दुकान. माणसं बरी. शिवपुत्र पुण्याला मित्राच्या लग्नाला जाऊन आला होता आणि तिथून डोक्यात रिसेप्शन घेऊन आला होता. सकाळी अक्षता पडल्या की संध्याकाळी पुन्हा समारंभ. स्टेज, खुर्च्या, आइस्क्रीम, रेकॉर्डी, आणि माईकवर नीट बोलणारा माणूस. "माईकचं तेवढं तुमच्याकडं," व्याही म्हणाले. "आणि एक. बाकी कायबी नको आमाला, पण पोरीचा बाप पाटावर पायजे. चार लोक विचारत्यात."

चार लोक! गिरिजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे चार लोक अकरा वर्षं कुठं मेले होते? पोर तापानं फणफणली तेव्हा यांतला एकजण तरी दारात आला होता का, बाप कुठाय म्हणून विचारायला? पण मुलीची आई. दात-ओठ खाल्ले आणि हो म्हणाली.

मग पत्रिका छापून आली. गिरिजाबाईला वाचता येत नव्हतं. जगदेवीनं वाचून दाखवली. "आमचे येथे श्रीकृपेकरून... सौ. व श्री. रेवणप्पा यांची कन्या..."

"आन मी कुटाय?"

"अव्वा, ते 'सौ.' म्हणजे तूच की."

"दाखव बघू."

जगदेवीनं बोट ठेवलं. गिरिजाबाईनं पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "येवढीच? चिलटायेवढी? आन त्याचं बघ, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत पसरलाय!" जगदेवीला हसू आलं. आईला आलं नाही. त्या दिवशी खानावळीत चटणी इतकी तिखट झाली की गिरणीतली माणसं पाणी पिऊन पिऊन बेजार झाली.

दुसऱ्या दिवशी ती लग्न लावणाऱ्या स्वामींकडं गेली. "स्वामी, एक विचारायचंय. रिसेप्शनला मंत्र असतोय का?"

"न्हाय बाई. ते सायबाचं खूळ. आमच्यात न्हाय."

"पोथीत कायबी लिवलेलं न्हाय? कोण कुटं बसायचं, कुणाचं नाव आधी घ्यायचं?"

"रिसेप्शनला शास्त्रच न्हाय."

झालं! गिरिजाबाई परत आली ती पदर खोचूनच. सकाळचं लग्न देवाचं, स्वामींचं आणि त्या चार लोकांचं. तिथं बसू दे त्या मेल्याला पाटावर. पण संध्याकाळला शास्त्र नाही. ज्याला शास्त्र नाही ते आपण म्हणू तसं. रिसेप्शन सुरू होताना माईकवाला आधी सांगतो, 'आपलं सगळ्यांचं स्वागत करतायत अमके अमके.' हे अमके अमके म्हणजे गिरिजाबाई. कर्ण्यातून, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं, तिचं नाव, आणि फक्त तिचं. तिला लेकीच्या लग्नात एवढं एकच पाहिजे होतं. शालू नको, मानाची साडी नको, काही नको.

म्हणून ते अडीच महिने. लग्नसराई होती. कुठं रिसेप्शन आहे कळलं की गिरिजाबाई स्वच्छ लुगडं नेसून तिथं जायची आणि कर्ण्याखाली उभी राहायची. कुणी पान वाढायला लागलं की म्हणायची, "जेवायला न्हाय आले, ऐकायला आले." लोकांना वाटलं बाई वेडी झाली. वाटू दे.

पहिला माईकवाला बघितला तो नव्या दमाचा. केस कानांवर, पँटीचे पाय रस्ता झाडत जाणारे, रंगीत दिव्यांची माळ, आणि गाणी अशी की स्टेजवरची नवरी कानांत बोटं घालून बसलेली. तो हिंदी सिनेमातल्यासारखं बोलायचा आणि मध्येच स्वतःच हसायचा. गिरिजाबाईनं त्याला आपलं काम सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुमचं नाव घ्यायचं म्हणता, मग तुमच्यावर गाणं कुठलं लावू? एखादं जुनं प्रेमाचं चालंल का?"

"तुज्या आईचं नाव काय रे?" गिरिजाबाईनं विचारलं.

"का?"

"तिला सांगते, पोरगं काय बोलतंय ते." आणि तिथून निघाली.

दुसरे निवृत्त मास्तर. आवाज खणखणीत, भाषा अशी शुद्ध की पाण्यात धुऊन वाळत घातलेली. पण माणूस माईकला जळूसारखा चिकटायचा. पाहुणे आइस्क्रीमकडं बघतायत, आइस्क्रीम पाण्याकडं निघालंय, आणि मास्तर गृहस्थाश्रमाचं महत्त्व सांगतायत. तरीही गिरिजाबाई त्यांच्या घरी गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, प्रथेप्रमाणे 'सौ. व श्री. रेवणप्पा' असं म्हणता येईल. त्यात आपण आल्यातच."

आल्यातच! गिरिजाबाई उठलीच. "मास्तर, अकरा वर्षं मी ह्याच्यात आलेच, आन त्याच्यात आलेच. रेशनकार्डात त्याच्या खाली आलेच. एकदा माजी मी येऊ दे की!" मास्तरांच्या बायकोनं तेवढ्यात आणलेला चहा तसाच राहिला.

तिसरा चनमल्लप्पा. याच्याबद्दल जरा सांगायला पाहिजे. साठीला टेकलेला, किडकिडीत, दोन कर्णे आणि एक जुनं मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून गावभर फिरणारा. मराठी, कन्नड, तेलुगू, मुसलमानी, ज्याच्या दारात गेला त्याची भाषा बोलायचा. पूर्व भागातल्या एका विणकराच्या लग्नात गिरिजाबाईनं त्याला ऐकलं. आधी एका कारखानदाराचं नाव घेतलं त्यानं. हार घालायला बोलावलं. मग थोड्या वेळानं त्याच माईकवर म्हणाला, "आणि ज्यांनी दुपारपासून उष्टी पानं उचलली, मांडव आरशासारखा ठेवला, त्या केराबाई, आपण पुढं यावं." कारखानदाराचं घेतलं होतं तसंच नाव घेतलं. तोच आदर, तेवढाच दम, तसूभरही कमी नाही. केराबाई पान हातात तशीच धरून उभी राहिली. मग तिनं पान खाली ठेवलं, पदर डोक्यावर नीट घेतला आणि पुढं गेली. गिरिजाबाईच्या अंगावर काटा आला.

आणि तिला आणखी एक आठवलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारायचा तो हाच माणूस. रेवणप्पा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी जगदेवी पाळण्यांच्या गर्दीत हरवली होती. गिरिजाबाई ऊर बडवत फिरत होती आणि कर्ण्यातून आवाज आला होता, "खानावळवाल्या गिरिजाबाई, तुमची लेक माज्याजवळ हाय. रडत न्हाय. शेंगा खातीय."

ती त्याच्या दुकानात गेली. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. तिनं सगळं सांगितलं. चनमल्लप्पा मान खाली घालून तार सोलत होता.

"अक्का, पंचवीस वर्षं झाली ह्या धंद्याला. माज्या हातात चिठ्ठी येती, मी वाचतो. माज्या पदरचं कायबी घालत न्हाय. नाव राजाचं असो, हमालाचं असो, एकाच तोंडानं घेतो. पण चिठ्ठीत असं, बाप जिता असताना नुसतं आईचं नाव, आजवर आलं न्हाय."

"गड्ड्यात आलं होतं की!" गिरिजाबाई उसळली. "तवा कसं घेतलं? पोर हरवलं की आईचं नाव पुकारायचं, आन पोर नवरी झाली की बापाचं? हा कुटला न्याय, अण्णा? हुडकायला मी आन मिरवायला तो?"

चनमल्लप्पानं तार खाली ठेवली.  मग त्यानं घसा खाकरला, उठून उभा राहिला, आणि समोर माईक नसताना, त्या जिन्याखालच्या खोलीत, म्हणाला, "आज आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत करतायत, वधूच्या मातोश्री, गिरिजाबाई."

गिरिजाबाई भिंतीकडं बघत राहिली. "बरूबर ऐकू आलं न्हाय," ती म्हणाली. "परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं. तिनं तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग पदरानं नाक पुसून सुपारी त्याच्या हातावर ठेवली आणि माईकवाला ठरला.

लग्नाच्या दिवशी सकाळी रेवणप्पा उगवला. आयत्या बिळावर नागोबा! डोक्याला जरीचा फेटा, अंगात पांढरा कोट, पोट सुटलेलं. "आलो बघ," असं म्हणाला, जसा काही कोपऱ्यावरून पान खाऊन आला होता. खानावळीत बसला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाला, "चटणीला पूर्वीची चव न्हाय राहिली." ऐका! तिथं तवा तापलेला होता, उलथनं हातात होतं, आणि तरीही गिरिजाबाईनं त्याच्या टाळक्यात घातलं नाही. ही बाई संत म्हणायला पाहिजे. ती मनात एवढंच म्हणाली, सकाळ तुझी, संध्याकाळ माझी.

अक्षता पडल्या. रेवणप्पा पाटावर बसला, चार लोकांनी बघून घेतलं, व्याह्यांचं समाधान झालं. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या. कर्णे बांधले. सनईची रेकॉर्ड लागली. चनमल्लप्पा कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून आला होता. पाहुणे आले, खुर्च्या भरल्या, पहिल्या रांगेत व्याह्यांच्या शेजारी रेवणप्पा पायावर पाय टाकून बसला. गिरिजाबाई स्टेजच्या मागं उभी होती. आता कुठल्याही क्षणी सनई थांबणार होती.

सनई थांबली नाही. चनमल्लप्पा मशीन सोडून तिच्याकडं आला. हातात घडी घातलेला कागद होता.

"अक्का, चिठ्ठी आलीय."

"कुणाची? त्या नागोबाची न्हवं? फाडून टाका."

"त्याची न्हाय."

"मग व्याह्यांची. त्येंनाबी सांगा, माईकवाला माजा हाय."

"व्याह्यांची न्हाय, अक्का. जगदेवीची." त्यानं कागद उघडला आणि हळू आवाजात वाचला. "'स्वागत करणार, वधुपिता श्री. रेवणप्पा. अव्वाला आधी सांगू नका.' खालची ओळ मी पाळली न्हाय."

गिरिजाबाईला वाटलं, हा म्हातारा खोटं बोलतोय. ती तशीच शाळेच्या वर्गात गेली. तिथं जगदेवी स्टेजवर जायला तयार होऊन बाकावर बसली होती, बायका तिचा शालू नीट करत होत्या. "भाईर जावा सगळ्या," गिरिजाबाई म्हणाली. बायका गेल्या.

"तू लिवलंस?"

"व्हय."

"त्यानं लिव म्हणून सांगितलं?"

"न्हाय."

"मग व्याह्यांनी? सासूनं? कुणी सांगितलं ते सांग, त्याचं बघते मी."

"कुणीच न्हाय, अव्वा." जगदेवीनं मान वर केली नाही. "सासूबाई सगळ्यांना सांगायल्यात, पोरीचा बाप हाय, टेंभुर्णीला त्येंचं हॉटेल हाय, कामामुळं येणं-जाणं कमी. माईकवर तुजं एकटीचं नाव आलं की लोक विचारणार, बाप समोर बसलाय आन आईचंच का? मग सगळं निघणार. ती टेंभुर्णीची बाईबी निघणार. तू हितं असशील. मला उद्यापासनं तितं ऱ्हायचंय."

"म्हंजे माजं नाव घेतलं की तुजी अब्रू जाती?"

खरं तर पोरीनं नाही म्हणायचं. रडायचं, गळ्यात पडायचं, काहीतरी करायचं. पण जगदेवी याच आईची लेक होती, तिला खोटं बोलता आलं नाही.

"व्हय," ती म्हणाली.

सगळ्या पेठेला तोंडानं सरळ करणारी बाई ती. राग इतका आला होता की कुणावर काढावा तेच कळेना. रेवणप्पावर? तो तर बाहेर आरामात बसला होता, त्यानं यात काहीच केलं नव्हतं; त्यानं आयुष्यात कधी काहीच केलं नव्हतं, आणि न करताच सगळं मिळवलं होतं! सासूवर? ती आपल्या घराची इज्जत राखत होती. आणि या पोरीला काय म्हणायचं? अकरा वर्षं जिला फुलासारखी जपली तिला बोहल्यावरून उतरल्या दिवशी शिव्या द्यायच्या?

"काजळ पसरलंय, पूस," गिरिजाबाई म्हणाली आणि बाहेर आली.

चनमल्लप्पा मशीनजवळ उभा होता. "अक्का, मला आणलं तुमी. तुमी म्हणाल ते नाव घेतो."

"चिठ्ठी वाचा."

"अक्का..."

"वाचा म्हणलं न्हवं!"

त्यानं रेकॉर्डवरची सुई उचलली. माईक हातात घेतला. नवरा-नवरी स्टेजवर येऊन उभी राहिली. पटांगणात कुजबुज होती, खुर्च्या सरकत होत्या, आणि चनमल्लप्पा बोलायला लागला तसं सगळं शांत होत गेलं. "बंधू-भगिनींनो. ज्या घरात लेक वाढली, त्या घराच्या वतीनं, आज आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत करतायत... वधुपिता, श्रीमान रेवणप्पा."

काय नाव घेतलं हो! गड्ड्याच्या गर्दीला थांबवणारा तो आवाज, एकेक अक्षर वेगळं, आदरानं ओथंबलेलं. हॉटेलवाला रेवणप्पा त्या आवाजात देवमाणूस वाटला. तो उठला, हात जोडले, आणि आपल्याबद्दल हे काय चाललंय ते ऐकून खुद्द त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. व्याह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. टाळ्या वाजल्या, पार मागच्या रांगेपर्यंत. आणि गिरणीतली माणसं, जी अकरा वर्षं गिरिजाबाईच्या हातचं खात होती, तीही टाळ्या वाजवायला लागली. त्यांचा तरी काय दोष? आवाजच तसा होता.

चनमल्लप्पानं माईकचं बटण बंद केलं आणि रेकॉर्ड लावली. गिरिजाबाई त्याच्या अंगावर धावून गेली.

"वाचा म्हणलं होतं मी! येवढं चांगलं कशाला वाचलं तुमी? जरा अडकायचं, जरा खोकायचं, कर्णा कराकरा वाजवायचा. तोंड वाकडं करून म्हणायचं! त्या मेल्याचं नाव येवढ्या मानानं घ्यायची काय गरज होती? कोण हाय तो तुमचा?"

म्हातारा हातातल्या चिठ्ठीच्या घड्या घालत राहिला. मग म्हणाला, "मला दुसऱ्या तऱ्हेनं येत न्हाय, अक्का."

"ठावं हाय मला," गिरिजाबाई म्हणाली. "म्हणूनच तर तुमाला आणलं." आणि आइस्क्रीम सगळ्यांना पुरतंय का ते बघायला ती मागच्या बाजूला गेली.